डाव्या पायाचे वीस दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

दामिनीनं सांगितलं म्हणून लिहितोय. "दीपू, राग आला की बोलत नको जाऊ, लिहत जा," म्हणाली. "कागद उलटून बोलत नाही. अन् त्याची कॉलर पण नसते."

डायरी तिनंच दिली. दवाखान्यात औषध कंपनीवाले वाटून जातात त्यातली, मागच्या वर्षीची. वार सगळे खोडावे लागतात आणि प्रत्येक पानाखाली पित्ताच्या गोळीची जाहिरात. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी शेवटी ते पित्तावरच येणार.

आज राग नाही. भीती आहे.

डॉक्टरसाहेब रामदासपेठेतला दवाखाना बंद करून बंगलोरला पोराकडे गेले. साडेतीन वर्षं त्यांची गाडी चालवली. दामिनी तिथेच नर्स होती. दवाखाना बंद झाल्यावर तिला एका संस्थेत काम लागलं. त्यांचा फिरता दवाखाना आहे, उमरेडकडच्या गावांमध्ये रोज जातो, रोज परत येतो. त्या व्हॅनला पक्का ड्रायव्हर नाही. काल तिनं विचारलं, "येशीन का?" मी हो म्हटलं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हटलं.

मग ती म्हणाली, "जुनी गाडी आहे, गिअरची. चालते ना?"

मी म्हटलं, "कोणतीही दे."

खरं हे आहे की मी जन्मात गिअर टाकलेला नाही. शिकलो मामाच्या ऑटोमॅटिकवर, लायसन्स काढलं त्याच गाडीवर, डॉक्टरांचीही ऑटोमॅटिक. दांडा डीवर ओढायचा आणि निघायचं. डावा पाय सहा वर्षं नुसता ठेवलेला आहे. आणि गंमत अशी की मी मेकॅनिकलचा. क्लचची आकृती काढून दहापैकी नऊ मार्क घेतलेत. तिसऱ्या वर्षाला सर सगळ्यांसमोर म्हणाले की जर्नल कॉपी केलंस, तर मी ते त्यांच्या टेबलावरच फाडलं आणि निघून आलो. माफी माग म्हणाले. कशाची? जर्नल माझंच होतं.

बावीस तारखेला संस्था चालवणारे बापूजी स्वतः गाडीत बसून ड्रायव्हर पारखणार आहेत. दामिनी पण असेल.

रोज तीन तास ती त्या गाडीत असते. रोज तीन तास.

४ नोव्हेंबर

गोलूची गाडी घेतली. मनीषनगरच्या पुढे रिकाम्या प्लॉटांमधले रस्ते आहेत, तिथे. गोलू शाळेपासूनचा मित्र, त्याच्याकडे त्याच्या वडिलांची जुनी छोटी गाडी आहे.

सोळा वेळा बंद पडली. गोलू मोजत होता, मोठ्यानं. सुटली की अशी उड्या मारत जायची की गोलू म्हणाला, "काहून बे, घोडी घेतली का? वरात कुठी आहे?" थांबायची वेळ आली की मी नुसता ब्रेक दाबायचो, क्लच विसरायचो, ती हिसका देऊन मरायची. एकदा डाव्या पायाला आठवण झाली तर तो क्लचऐवजी ब्रेकवर गेला, सगळ्या ताकदीनं. गोलूचं डोकं समोर आपटलं.

"डॉक्टरकडे होता ना तू?" कपाळ चोळत तो म्हणाला. "डॉक्टरले पेशंट तूच आणून देत असशीन."

मी उतरून टायरला लाथ मारली. गोलूनं किल्ली काढून खिशात टाकली.

वरच्या प्रकाराबद्दल दामिनीला लिहिलं नाही. "प्रॅक्टिस मस्त" एवढंच पाठवलं. तिनं अंगठा पाठवला. एका अंगठ्याकडे माणूस किती वेळ बघू शकतो?

५ नोव्हेंबर

जरीपटक्यात ड्रायव्हिंग स्कूल लावलं. आमच्या भागापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओळखीचं कोणी बघणार नाही. शिकवायला बाई आहेत. जयवंताबाई. पन्नाशीच्या पुढच्या, साडीवर खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात सुपारीची पुडी.

"लायसन्स आहे म्हणते, अन् शिकायले आला?"

मी म्हटलं, "ऑटोमॅटिक चालवली आजपर्यंत."

"हां. म्हणजे लिफ्टमध्ये उभा होता." मग फॉर्म वाचून, "इंजिनियरिंग?"

"सोडलं."

"काहून?"

"पटलं नाही."

"कोणाले?"

 गाडीत बसल्यावर बाई बरंच काही सांगत होत्या, त्यांच्या बाजूला पण पेडल आहेत, हे त्यांचे, ते माझे, कोणी कधी काय दाबायचं. हे सगळं नव्यांसाठी असतं. मी आरसे लावत होतो. मला रस्ता माहीत आहे, नियम माहीत आहेत, फक्त पायाचा प्रश्न आहे.

७ नोव्हेंबर

सुटली! पहिल्या झटक्यात, हिसका नाही, काही नाही. बाजारातून नेली, हातगाड्यांमधून. एकदाही बंद पडली नाही.

गोलूच्या गाडीतच काहीतरी खराबी आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं.

८ नोव्हेंबर

आज पण एकदाही नाही. क्लच इतका हलका आहे की पाय टेकला की आपोआप आत जातो. लोण्यासारखा. लोक उगाच बाऊ करतात.

बाई शिकवत काहीच नाहीत. मेथी कितीला झाली, सुनेनं कसा फोन उचलला नाही, हेच सांगतात. आणि त्यांना पाय हलवायची सवय आहे, साडीची किनार सारखी वरखाली होत असते. आईलाही होतं असं, तिला कॅल्शियम दिलंय. बाईंना सांगावं का? पण बोलायची सोय नाही, लगेच लिफ्ट काढतात.

"मॅडम, झालं ना माझं?" मी विचारलं.

"अजून पंधरा दिवस ये."

उगाच लांबवायचं.

१२ नोव्हेंबर

दामिनी भेटली. तिला डॉक्टरसाहेबांनी मागे ठेवलेलं अनुभवाचं पत्र घ्यायचं होतं, म्हणून रामदासपेठेत आली होती. निळा ड्रेस. मी आधीपासून तिथे होतो, बराच आधीपासून.

मी सांगितलं, "गिअरची गाडी तर बोटावर नाचवून राहिलो."

ती हसली. "बोटावर नाही, रस्त्यावर चालव. माझ्या पेट्या असतात मागे, इंजेक्शनच्या."

इतकं छान चाललं होतं. मग निघताना बघतो तर माझ्या मोपेडला चिकटवून कोणीतरी स्कूटर लावलेली. तिचा मालक समोरच फोनवर. मी दोनदा म्हटलं, भाऊ, काढा. त्यानं हातानं थांब थांब केलं. मी ती स्कूटर उचलली आणि बाजूला केली. म्हणजे सोडली. आडवी पडली. त्याचा आरसा फुटला. तो ओरडला, मी जास्त ओरडलो.

दामिनी मध्ये पडली नाही. नुसती बघत होती. नंतर म्हणाली, "त्याच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं. पाहिलं का तू?"

"मग? एक्स-रे आहे म्हणून कुठंही लावायची का गाडी?"

"बरं," म्हणाली आणि रिक्षा करून गेली. माझी मोपेड समोर असताना रिक्षा.

दिवसभर उभं राहून थकली असेल. घरी पोचली का विचारायला सहा मेसेज केले. संध्याकाळी उत्तर आलं: "हो."

१३ नोव्हेंबर

क्लास झाला. बाजार, चौक, वळण, सगळं लोणी. पण मन लागत नाही. त्या "हो"च्या पुढे टिंब होतं. ती टिंब देत नाही कधी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

 लिहिलं नाही तर काहीतरी फोडीन.

गोलूला गाडी मागितली. दामिनीची आज सुट्टी होती. मनात होतं, गाडी घेऊन तिच्या दारात जायचं आणि म्हणायचं, चल, बघ. गोलूनं किल्ली देताना कपाळाला हात लावून दाखवला. म्हटलं, हस.

निघतानाच चारदा बंद पडली. वाटलं, गाडी थंड आहे. क्लच दगडासारखा. कसाबसा मनीषनगरच्या अंडरपासपर्यंत आलो. खाली उतरलो. वर चढताना समोरचे थांबले, मी पण थांबलो. चढावर. समोरचे सुटले आणि माझी मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली आणि हातभर मागे गेली. मागून हॉर्न. असे हॉर्न की त्या बोगद्यात कानात कोणी पत्रा वाजवतंय. एक बाइकवाला बाजूनं आला, टपावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "चालवता नाही येत त कायले आणली बे रस्त्यावर?"

मी उतरलो. त्याची कॉलर धरली.

डॉक्टरांच्या गाडीत मी दांडा पीवर टाकायचो आणि उतरायचो. गाडी तिथेच राहायची. साडेतीन वर्षांत ती कधी माझ्याशिवाय कुठे गेली नाही. ही निघाली. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक नाही, मागे मागे. आणि मागे शाळेची व्हॅन होती, पोरांनी भरलेली. त्या व्हॅनच्या ड्रायव्हरला मागे घ्यायला जागा नव्हती, तो नुसता हॉर्न दाबून बसलेला.

मला दिसत होतं आणि माझा हात त्या कॉलरमधून सुटत नव्हता.

कोणीतरी धावत आलं, उघड्या दारातून आत वाकलं आणि हँडब्रेक ओढला. दोन गाड्यांमध्ये एक पोरगं उभं राहील एवढीच जागा उरली. आत वाकलेलं माणूस बाहेर आलं तेव्हा ती दामिनी होती. भाजी घेऊन येत होती, तिची दुचाकी मागे आडवी टाकून आलेली. कोथिंबीर रस्त्यावर.

मला वाटलं ओरडेल. तिनं किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि त्या बाइकवाल्याला म्हणाली, "दादा, लागलं का तुमाले?"

त्याला विचारलं. मला नाही.

गाडी एका रिक्षावाल्यानं वर काढून दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच जरीपटक्याला गेलो. डोक्यात एकच, की ह्या बाईनं मला काहीच शिकवलं नाही. बाई गाडी पुसत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या गाडीत चालते अन् बाहेर मरते! काय शिकवलं तुम्ही?"

बाईंनी फडकं पिळलं. "बाहेर कोणाची चालवली?"

"मित्राची."

"मंग ते तू चालवली. इथली मी चालवत होती."

मला कळलं नाही. बाईंनी दार उघडून त्यांच्या बाजूचा क्लच दाबून दाखवला. माझ्या बाजूचा क्लच आपोआप आत गेला. कोणी पाय न लावता. लोण्यासारखा.

"सहा क्लास क्लच माह्या पायात होता. तू टेरिंग धरून बसला होता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"पयल्या दिवशी सांगतलं. तू आरशात भांग पाहून राहिला होता. रोज वाटे, आता इचारन, बाई, तुमचा पाय काहून हालते? अन् पाय काढला असता त जरीपटक्याचा बाजार हाय तो, लोकाच्या अंगावर घालू देऊ का तुले?"

मी म्हटलं, मला शिकायचंच नाही तुमच्याकडे. फाटकाबाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत गेलो. रसवंतीवाला यंत्र धूत होता. तिथे उभा राहिलो. सहा दिवसांची डायरी डोळ्यासमोर आली, मी दामिनीला पाठवलेले "मस्त", "एकदम मस्त", "बोटावर". ती साडीची किनार. आई गं, आणि मी कॅल्शियम सुचवणार होतो.

परत गेलो. का गेलो ते माहीत नाही. कदाचित दुसरीकडे जायला जागा नव्हती. बाई गाडीत त्यांच्या जागेवर बसलेल्या होत्या, दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून, जेवायला बसल्यासारख्या.

"बस," म्हणाल्या. "आता हायेत माहे पाय वर. जे होईन ते तुह्यं."

बाईंनी पाय वर घेतलेत हे बघून मला जितकी भीती वाटली तितकी अंडरपासात पण वाटली नव्हती.

१७ नोव्हेंबर

एकोणीस वेळा बंद पडली. मांडी काही हलली नाही.

बाईंचा एक नियम आहे. बंद पडली की आधी किल्लीला हात लावायचा नाही. आधी खिडकीतून हात बाहेर काढायचा, तळवा मागच्याला दाखवायचा. मग हँडब्रेक. मग चावी.

"शिवी देणारा माणूस तळवा पायते अन् अर्धी शिवी गिळते," बाई म्हणाल्या. "उरलेली अर्धी खाऊन घ्यायची. पचते."

मला नाही पचत. सातव्यांदा एक ट्रकवाला आईवरून बोलला. माझा हात दाराच्या कडीवर गेला. बाई म्हणाल्या, "उतर. जा. भांड. मी बसते अठी पाय वर घेऊन, गाडी जाईन कुठी जाईन ते."

कडी सोडली. तळवा दाखवला. कानशिलं तापून लाल झाली होती, आरशात दिसत होतं.

१८ नोव्हेंबर

अकरा.

क्लच सोडता सोडता एका जागी गाडी बदलते. आवाज जरा खाली बसतो आणि स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते, मांजर मांडीवर बसल्यावर येते तशी. तिथे थांबायचं. पाय तिथेच धरायचा, घाई नाही. बाई म्हणतात, "ते हो म्हणते तवाच जाय." माझ्या नऊ मार्कांच्या आकृतीत ही थरथर कुठेच नव्हती.

दामिनीचा फोन नाही. मी पण केला नाही. म्हणजे दोनदा केला, लागायच्या आत कापला.

१९ नोव्हेंबर

चार. त्यातली एक चढावर, पण मागे गेली नाही.

बाईंना विचारलं, एवढ्या पोरांना शिकवता, भीती नाही वाटत? म्हणाल्या, "नवऱ्याचा ट्रक होता. तो चिडला की चालवत नव्हता, बाजूले लावून झोपून जाये. लोक हासत त्याले. पण म्हातारा होऊन, घरी, खाटेवर मेला."

सुपारी कातरत सांगितलं.  चिडून झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वरची दोन पानं फाडली. त्यात दामिनीबद्दल जे लिहिलं होतं ते मला पुन्हा वाचायचं नाही.

झालं असं. तिनं स्वतःहून बोलावलं, तिच्या घराजवळच्या बगिच्यात. मला वाटलं, उद्याच्या टेस्टसाठी शुभेच्छा देणार. मी तिला सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो होतो आणि सांगितलं पण. ऑटोमॅटिक, जरीपटका, बाईंचा पाय, सगळं. साडीच्या किनारीवर ती खळखळून हसली. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग ती म्हणाली, "मी बापूजींना अंडरपासचं सांगितलं आहे."



"कॉलरचं पण सांगितलं. नाव मीच सुचवलं होतं ना तुझं, मग हे पण मीच सांगायले पायजे."

"म्हणजे मले काम भेटू नये म्हणून?"

"दीपू, गाडी बंद पडते. सगळ्यांची पडते. ते कोणी पाहून नाही राहिलं." मग हळू बोलली. "मले रोज तीन तास बसायचं आहे त्या गाडीत. चिडलेल्या माणसाच्या मागं नाही बसता येत मले. तुले काही दिवसांपासून मी पाहून राहिली... तू जे आणतो ना सोबत, ते मोठं असते. माणसाले जागाच उरत नाही बसायले."

मी म्हटलं, उद्या येतच नाही मग. ती म्हणाली, "ये. येतो म्हटलं होतं, तर ये." आणि निघाली.

तिनं माझी चुगली केली. माझं नाव सुचवणारं माझंच माणूस. दोन तास हे एकच डोक्यात होतं. आईनं जेवायला तीनदा बोलावलं, तिसऱ्यांदा मी ताट सरकवलं, वरण सांडलं. आई पुसायला वाकली. तिचा पाय हलत होता.

मी फडकं घेतलं तिच्या हातातून आणि पुसलं. ती घाबरून बघत होती. मी फडकं घेतलं म्हणून घाबरली, ताट सरकवलं तेव्हा नाही. ते सवयीचं असेल.

हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. दिसल्यावर काय करायचं असतं ते माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेलो होतो.

बापूजी सत्तरीचे, बारीक, टोपी, बोलणं कमी. लायसन्स मागितलं, चष्मा लावून वाचलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. पुढे माझ्या बाजूला बसले. दामिनी मागे, तिच्या पेट्यांजवळ. सकाळी सहापासून एका गावात लसीकरण करून आली होती. माझ्याशी बोलली नाही. मी पण नाही.

मी गाडी सुरू करायच्या आत म्हटलं, "बापूजी, गिअरची गाडी मी तीन आठवडे झाले शिकून राहिलो. त्यातलेही सहा दिवस मी नव्हतो चालवत, बाई चालवत होत्या."

"अन् अंडरपासात?"

"तिथं मीच होतो."

"बरं," म्हणाले. "चला."

उमरेड रोडनं नेली. शहरात एकदा बंद पडली, सिग्नलला. तळवा दाखवला. पुढे गावाकडच्या रस्त्याला कालव्याचा पूल आहे, चढ चांगला उभा. पुढे कापसानं भरलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडून लोंबणारा, बैलाच्या चालीनं चढत होता. चढाच्या मधोमध तो थांबला. मी थांबलो. तो निघाला, मी सोडायला गेलो आणि मेली. व्हॅन भरलेली, जड, वीतभर मागे सरकली. मागे पेट्या खणखणल्या.

मागे बाइकवर दोघं होते. त्यांनी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. दोनदा म्हटलं. कान तापले. दार माझ्या हाताशीच होतं. आणि मला माहीत होतं की मागून ती माझ्या मानेकडे बघत असणार, मान लाल होते माझी.

हात बाहेर काढला. तळवा. हँडब्रेक. चावी. मग त्या थरथरीची वाट पाहिली. खूप वेळ लागला असं वाटलं. आली. सोडली. चढली.

पलीकडे बाजूला घेऊन त्या बाइकवाल्यांना जायला जागा दिली. जाताना पण त्यांनी बघितलंच. बघू देत.

बापूजींनी गाडी थांबवायला सांगितली. मागे वळले आणि माझ्यासमोर, सरळ, तिला विचारलं, "पोरी, रोज बसशीन का याच्यासोबत?"

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. तिनं पाहिलं ना सगळं. कालव्यावर पाहिलं.

तिनं सरकलेली पेटी जागेवर लावली. मग म्हणाली, "आज विचारता तर नाही सांगता येत, बापूजी. एका दिवसावरून नाही सांगता येत."

खरं लिहायचं तर त्या क्षणी किल्ली काढून कालव्यात फेकावीशी वाटली. फेकली असती. पण मग परत कसं जायचं? तिथून शहर तीस किलोमीटर, दुसरा ड्रायव्हर नाही, बापूजींना नजरेचा त्रास आणि ती सकाळी सहापासून उपाशी. म्हणून मी म्हटलं, "ठीक आहे. निघू का?" आणि वळवली.

परतीचे तीस किलोमीटर सुरू झाले. मला नाकारलेलं आहे आणि मी चालवतोय. कोणासाठी चांगली चालवायची आता? पण खड्डा दिसला की पाय आपोआप हलका व्हायचा, मागे पेट्या आहेत ना. दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. आजपर्यंत कधी चालवली नाही इतकी हळू चालवली. डाव्या पायात गोळा आला होता.

पाचगाव मागे पडल्यावर बापूजींनी आरशातून मागे पाहिलं. "झोपली पोरगी," म्हणाले. मी पण पाहिलं. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, ओढणी पेटीवर पडलेली. बापूजी पुन्हा म्हणाले, "ही गाडीत कधी झोपत नाही. दीड महिन्यात पाच ड्रायव्हर झाले, ही समोरचा दांडा धरून बसते."

मग आजच कशी झोपली? बरोबर आहे. नाही म्हटल्यावर माझ्याशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून. डोळे मिटले की सुटका. बरी युक्ती आहे. तरी शहरात शिरताना एकदा हॉर्न वाजवायचा होता, तो मी वाजवला नाही. झोपलेल्या माणसाला काय उठवायचं, सोंग असलं तरी.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली. ती दचकून उठली, कुठे आलो ते बघितलं, मला बघितलं, गाल पुसला. "पोचलो पण?" म्हणाली.  मी पेटी उतरवून दिली.

संस्थेच्या दारात गाडी लावली, पहिला गिअर, हँडब्रेक. बापूजींकडे हात पुढे केला, म्हटलं, "लायसन्स."

"राहू दे माझ्याजवळ," म्हणाले. "सोमवारी नऊला ये."

मला वाटलं बोलावं, की नाकारायचं तर नाकारा, माणसाचे कागद कशाला अडवता? बोललो नाही. निघालो. तर मागून हाक मारली. माझ्या पायांकडे बघत होते.

"अन् हे चप्पल नाही चालायची. बूट घालून ये."

सोमवारी जाणार. लायसन्स घेणार आणि एक शब्द न बोलता परत येणार, हे पक्कं आहे. पण तेव्हापासून डोक्यात एकच फिरतंय. आईला विचारलं, ती हसली आणि माळ्यावरून कॉलेजातले बूट काढायला गोलूला बोलव म्हणाली.

लायसन्स परत आणायला बूट कशाला लागतात?